संगणकाची झाडलोट

पितळेची भांडी चिंचेने घासावी, शिवणयंत्राला अधूनमधून तेल घालावे, पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घ्यावे, या गोष्टी आपणांस कोणी पुस्तकातून शिकवीत नाही. वडीलधारी माणसे करतात आणि आपण पाहतो. एवढ्याने ते ज्ञान आपल्याकडे येते. परंतु संगणक हे यंत्र आपल्या घरांत इतक्या अलीकडे आले आहे, की त्याच्या निगेविषयी आजीला विचारावे, तर तिलाही काही ठाऊक नसते. त्यामुळे तो मंद होईपर्यंत वापरावा आणि मंद झाला म्हणजे ‘आता म्हातारा झाला’ असे म्हणून नवा घ्यावा, अशी एक समजूत घरोघर रूढ झालेली दिसते. ही समजूत कितपत खरी, ते या पाठात आपण पाहू.

कल्याण सोडून आगगाडी कर्जतच्या दिशेने निघाली, की पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडी. उल्हासनगरचाच हा एक भाग. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी होती. १९४७ साली देशाची फाळणी झाल्यावर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांस त्या छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. रिकाम्या हातांनी आलेल्या माणसांनी येथे लहान लहान उद्योग उभारले, पुढे महाराष्ट्राच्या इतर भागांतून आलेली कुटुंबेही त्यांत मिळून गेली. आजही या परिसरात अशी घरे आहेत, की ज्यांच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्रे चालतात आणि मागच्या खोलीत संसार चालतो.

अशाच एका घराची आपण कल्पना करू. बाबा जीन्सच्या विजारी शिवून देतात. किती कापड आले, किती नग शिवून गेले, कोणाकडून किती येणे आहे, हा सारा हिशेब घरच्या संगणकात आहे. ताईचा दहावीचा अभ्यास त्यातच, धाकट्या भावाचे खेळ त्यातच आणि दिवंगत आजोबांची छायाचित्रेही त्यातच. संगणक घेऊन आठ वर्षे झाली. आता तो सुरू केला, की आईचा चहा उकळून, गाळून, पिऊन होतो, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते. शेजारचे काका म्हणतात, “टाकून द्या हो, नवा घ्या.” बाबांनी एक जास्तीचे शिवणयंत्र घेण्यासाठी जे पैसे साठविले आहेत, ते या नव्या संगणकात जातील. म्हणजे प्रश्न केवळ सोयीचा नाही. घरात आणखी एका यंत्राची मिळकत यावयाची की नाही, असा तो प्रश्न आहे.

त्याचे उत्तर देण्यापूर्वी संगणकाच्या पोटात काय चालते, ते समजून घेतले पाहिजे.

तुमच्या शाळेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. तेथे एक लेखनिक असतात, त्यांच्यासमोर एक मेज असते आणि भिंतीशी कागदपत्रांचे कपाट असते. कोणाचा दाखला हवा असला, म्हणजे लेखनिक कपाटातून नोंदवही काढतात, मेजावर उघडतात, लिहितात आणि पुन्हा कपाटात ठेवितात. संगणकात नेमके हेच होते. हिशेब करणारा जो भाग, त्याला प्रोसेसर म्हणतात, तो लेखनिक. चालू कामाची कागदपत्रे ज्यावर पसरली जातात, ते मेज म्हणजे रॅम नावाची स्मृती. संगणक बंद होताच हे मेज कोरे होते. आणि सर्व काही कायमचे जपून ठेवणारे कपाट म्हणजे हार्ड डिस्क.

आता असे समजा, की त्या मेजावर एकाच वेळी तीस नोंदवह्या उघडून ठेविल्या आहेत. एकतिसावी हवी झाली, तर लेखनिकांनी काय करावे? एक उचलून कपाटात ठेवावी, दुसरी आणावी. क्षणभराने पहिलीच पुन्हा हवी म्हणून परत जावे. त्यांचा सगळा वेळ येरझाऱ्यांतच जाईल. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मात्र वाटेल, की हे लेखनिक फार संथ आहेत! संगणक मंद होतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. आठ वर्षांपूर्वी त्याचा प्रोसेसर एका सेकंदात जितकी गणिते करीत होता, जवळजवळ तितकीच तो आजही करतो. माणसाचे गुडघे दुखतात तसे त्याचे काही दुखत नाही. अडचण होते ती जागेची, येरझाऱ्यांची आणि, पुढे आपण पाहणार आहोत त्याप्रमाणे, उष्णतेची.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या देशात रचलेला आरंभीचा एक मोठा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झाला. ‘टिफ्रॅक’ हे त्याचे नाव. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. येथे ‘शब्द’ म्हणजे शून्य व एक या ४० अंकांचा एक गट. गुणाकार करून पाहा. आजच्या मापाने ही सारी स्मृती सुमारे १० किलोबाइट भरते. ३ मेगाबाइटचे एक साधे छायाचित्र साठवावयाचे म्हटले, तर असे तीनशे टिफ्रॅक लागले असते. तेवढ्याशा जागेत त्या काळच्या वैज्ञानिकांनी मोठमोठी गणिते सोडविली. कारण प्रत्येक शब्द कशासाठी खर्च होतो, ते त्यांना ठाऊक होते. आपल्याकडे जागा लाखो पटींनी वाढली, परंतु तिच्यात काय ठेविले आहे याचा पत्ता मात्र राहिला नाही.

असो. वैद्य औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो. आपणही प्रथम पाहावे आणि मग हात लावावा. विंडोज प्रणालीच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की ‘टास्क मॅनेजर’ नावाची चौकट उघडते. या क्षणी कोणकोणते काम चालू आहे आणि प्रत्येक कामाने प्रोसेसर, स्मृती व डिस्क यांचा किती भाग अडविला आहे, ते तेथे आकड्यांत दिसते. पाच मिनिटे नुसते पाहत बसा. स्मृतीचा आकडा सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल, तर मेज भरलेले आहे. आपण काहीही करीत नसता डिस्कचा आकडा शंभरावर खिळून राहत असेल, तर येरझाऱ्या चालू आहेत. दोन्ही आकडे लहान असून तरीही संगणक अडखळत असेल, तर दुखणे निराळे आहे. हे आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत, तसेच कळ दाबल्यापासून संगणक कामास तयार होईपर्यंत किती मिनिटे लागली, तेही घड्याळ लावून मोजावे. नाहीतर साफसफाईनंतर ‘बरे वाटते’ एवढेच आपण म्हणू शकू, किती बरे ते सांगता यावयाचे नाही.

आपल्या कल्पनेतील घरी ताईने ही चौकट उघडली, तेव्हा तिला आश्चर्य वाटले. तिने एकही काम सुरू केले नव्हते, तरी यादी पानभर लांब होती. ही मंडळी आली कोठून?

विठ्ठलवाडीच्या फलाटावर सकाळी आठ वाजता उभे राहून पाहा, म्हणजे याचे उत्तर मिळेल. मुंबईकडे जाणारी गाडी कर्जत किंवा बदलापूरहून निघते, अंबरनाथला भरते, उल्हासनगरला आणखी भरते. विठ्ठलवाडीला येते तेव्हा बसावयास जागा कोठून असणार? संगणक सुरू होताना अनेक कार्यक्रम अशीच आरंभीच्या स्थानकावर गाडी पकडून जागा अडवितात. छपाईयंत्राचा साहाय्यक, कधीतरी घेतलेल्या खेळाचा निरोप्या, गाणी ऐकविणारा कार्यक्रम, प्रत्येकजण न बोलावता येऊन बसलेला असतो. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ या नावाखाली त्यांची यादी असते आणि सुरुवातीला कोण किती भार घालतो, तेही तेथे लिहिलेले असते. नको त्याच्यापुढे ‘डिसेबल’ करावे. याने तो कार्यक्रम नाहीसा होत नाही. आपण बोलावू तेव्हाच तो येतो, एवढेच. म्हणून हा उपाय निर्धोक आहे आणि पहिल्याने हाच करावा. विषाणूंपासून रक्षण करणारा कार्यक्रम मात्र चालू ठेवावा. गर्दी झाली म्हणून कोणी पोलिसाला गाडीतून उतरवीत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. विंडोजमध्ये ‘शटडाउन’ केल्याने संगणक पूर्णपणे कोरा होतोच असे नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून तो आपली काही अवस्था डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तीच पुन्हा उचलतो. ‘रीस्टार्ट’ केले म्हणजे मात्र सारे नव्याने मांडले जाते. यास्तव चारआठ दिवसांतून एकदा रीस्टार्ट करावे. कित्येकदा एवढ्यानेच अडलेला गाडा चालू लागतो.

आता कपाटाकडे वळू. परंतु कपाटातील एकही कागद फेकण्यापूर्वी एक काम केलेच पाहिजे, आणि त्याच्याबाबत मी जरा कठोरपणे सांगणार आहे. ज्या वस्तू पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची नक्कल दुसरीकडे ठेविल्याशिवाय झाडू हातात धरू नये. खेळ पुन्हा आणता येतो, गाणे पुन्हा मिळते. आजोबांचे छायाचित्र पुन्हा काढता येत नाही आणि कोणाकडून किती येणे आहे हे वहीखात्यावाचून सिद्ध करता येत नाही.

२६ जुलै २००५ चा पाऊस तुमच्या घरातील मोठ्यांना विचारा. त्या दिवशीच्या चोवीस तासांत मुंबईच्या सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच पावसाने उल्हास आणि वालधुनी या नद्या फुगल्या व कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागांत असंख्य घरांत पाणी शिरले. अशा पुरात धान्य जाते, अंथरुणे जातात. ती काही दिवसांनी पुन्हा येतात. कपाटाच्या खालच्या खणातील कागद मात्र लगदा होऊन जातात. संगणकावरही असा पूर येतो. कधी डिस्क बंद पडते, कधी विषाणू शिरतो, कधी आपलाच हात चुकतो. म्हणून महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर आणि तिसरी घराबाहेर असावी. ही घराबाहेरची प्रत मावशीच्या कपाटात असो वा इंटरनेटवरील साठवणीत असो. नक्कल केल्यावर ती उघडून पाहावी. न उघडणारी नक्कल ही नक्कल नव्हे.

एवढे झाल्यावर ताई व तिचा भाऊ कपाट उपसावयास बसले. भावाने सर्वांत मोठे फोल्डर कोणते ते शोधून काढले आणि विजयी मुद्रेने म्हणाला, “ताई, हे बघ! ‘विंडोज’ नावाचे हे फोल्डर केवढी जागा खाते! हेच पुसू या का?”

ताई हसली. “घरात सर्वांत जास्त जागा भिंती अडवितात. म्हणून त्या पाडायच्या का?”

तिचे म्हणणे अचूक होते. ते फोल्डर म्हणजे खुद्द संगणकाची प्रणाली. ते गेले, तर संगणक सुरूच व्हावयाचा नाही. वस्तू मोठी आहे म्हणून ती कचरा ठरत नाही, आणि ती आपल्या ओळखीची नाही म्हणूनही ठरत नाही. आपणांस जिचा उपयोग माहीत नाही अशी फाईल दिसली, तर ती तशीच ठेवून प्रथम चौकशी करावी.

मग कचरा म्हणावयाचे कशाला? ज्या कार्यक्रमांचा वर्षभरात कोणी उपयोग केला नाही, ते काढून टाकावे. परंतु तेही रीतीने. पडद्यावरचे चिन्ह पुसले म्हणजे कार्यक्रम गेला असे अनेकांस वाटते. ते चिन्ह म्हणजे केवळ दारावरची पाटी. पाटी काढली तरी भाडेकरू आतच राहतो. सेटिंग्जमधील कार्यक्रमांच्या यादीत जाऊन ‘अनइन्स्टॉल’ करावे लागते. दुसरा प्रकार तात्पुरत्या फाईलींचा. काम करताना संगणक काही कच्चे कागद लिहितो आणि त्यांतले पुष्कळसे नंतर तसेच पडून राहतात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज आणि त्यात ‘टेम्पररी फाईल्स’ अशा वाटेने गेले, की त्यांची यादी मिळते व तेथूनच त्या पुसता येतात.

या यादीत एक फसवी जागा आहे, तिच्याविषयी सावध राहावे. तात्पुरत्या फाईलींच्या रांगेतच ‘डाउनलोड्स’ हेही नाव असते. शाळेने पाठविलेले परीक्षेचे प्रवेशपत्र, बाबांना आलेली पावती, विजेचे देयक, हे सारे उतरवून घेतल्यावर पुष्कळदा त्याच फोल्डरात पडलेले असते. सरसकट सर्व चौकोनांत खुणा करून जो ‘पुसा’ म्हणेल, तो कचऱ्याबरोबर तेही गमावील. डाउनलोड्सचे फोल्डर हाताने, एकेक फाईल पाहत निवडावे, जसे तांदूळ निवडतात.

तांदूळ निवडण्याचे खरे काम येते ते छायाचित्रांत. सणावाराच्या शुभेच्छांची तीच तीच चित्रे भ्रमणध्वनीवरून संगणकात येऊन शेकड्यांनी साठतात आणि त्यांच्या गर्दीत आजोबांचा एकुलता एक फोटो हरवून जातो. हे काम कंटाळवाणे आहे, यात शंका नाही. एका रविवारी ते संपत नाही. परंतु यंत्राला हे जमावयाचे नाही, कारण कोणते चित्र आपले आणि कोणते नुसतेच येऊन पडलेले, हे घरच्या माणसांनाच कळते. आईला शेजारी बसवावे. ती ज्यांना ओळखते अशी कितीतरी माणसे त्या चित्रांत निघतील, की ज्यांची नावेही तुम्हांला ठाऊक नाहीत. त्यांची नावे फाईलींना द्यावीत.

पुसलेल्या वस्तू आधी ‘रीसायकल बिन’ या टोपलीत जातात आणि टोपली रिकामी होईपर्यंत जागा अडवूनच असतात. आठवडाभर थांबावे, कोणाला काही उणे वाटत नाही ना ते पाहावे आणि मग टोपली ओतावी. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाईल मात्र सहसा टोपलीत येत नाही, ती थेट जाते. उलट, काही जण रोजच्या रोज सर्वच तात्पुरत्या फाईली पुसतात. ते निष्फळ आहे. नेहमी पाहत असलेल्या संकेतस्थळांची चित्रे संगणक जवळ ठेवतो, ती पुन्हा लवकर दाखविता यावीत म्हणूनच. ती रोज पुसली, तर रोज नव्याने आणावी लागतात. अंगण रोज झाडावे, पण रोज खणू नये. डिस्कचा दहावा हिस्सा तरी, शक्य तर पाचवा, मोकळा राहील एवढे पाहिले म्हणजे पुरे.

इतके करूनही ताईच्या वहीतील आकडे फारसे हलले नाहीत, असे समजा. सुरुवातीची दहा मिनिटे होती, ती सातवर आली. मग दोष कपाटाच्या घडणीतच असू शकतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरीच एक तबकडी फिरत असते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. ५४०० फेऱ्यांची तबकडी घेऊ. सेकंदाला ९० फेरे झाले. हवी असलेली जागा वाचणाऱ्या काट्याखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे एका सेकंदाचा १८० वा भाग. हा वेळ फारच थोडा वाटतो खरा; परंतु संगणक सुरू होताना हजारो लहान लहान फाईली वाचाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी ही वाट पाहणे, शिवाय काटा सरकण्याचा वेळ, असे साठत साठत मिनिटे होतात. त्यातून एकच फाईल तुकड्यातुकड्यांनी निरनिराळ्या ठिकाणी लिहिलेली असली, तर आणखी हेलपाटे. ‘डीफ्रॅगमेंट’ केले म्हणजे हे तुकडे जवळ येतात.

आता ‘एसएसडी’ नावाची नव्या तऱ्हेची डिस्क मिळते. तिच्यात फिरणारे काहीच नाही. सारे विद्युत्‌मंडलांत साठविलेले असते. कोणताही तुकडा तिला जवळपास सारखाच जवळ. म्हणून एसएसडीला डीफ्रॅगमेंट करण्याची गरज नाही. नाहक पुनर्लेखनाने तिची झीज मात्र होते. जुन्या संगणकातील फिरती डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसविली, तर इतर कोणत्याही एका उपायाने पडत नाही इतका फरक पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या संगणकाच्या मानाने हा खर्च लहान असतो. बाबांचे शिवणयंत्राचे पैसे वाचण्याचा संभव येथे आहे.

उष्णतेचे मागे म्हटले होते. प्रोसेसर काम करताना तापतो आणि त्याला थंड ठेवण्यासाठी धातूच्या पात्यांवरून पंखा वारा घालतो. त्या पात्यांच्या फटींत धूळ बसली, तर वारा लागत नाही. प्रोसेसर फार तापला, म्हणजे तो स्वतः जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. ज्या घरात दिवसभर जीन्सचे जाड कापड कापले व शिवले जाते, तेथे निळ्या तंतूंची बारीक लव हवेत तरंगत असते. संगणकाची पेटी उघडल्यावर आत निळसर लोकरीसारखा थर निघाला, तर नवल नाही. क्वचित झुरळेही निघतात. १९४७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका संगणकात पतंग अडकून काम थांबले होते. तेथील लोकांनी तो पतंग नोंदवहीत चिकटवून ठेविला. ती नोंदवही आजही अमेरिकेतील एका वस्तुसंग्रहालयात आहे.

पेटी साफ करताना मोठे माणूस जवळ हवेच. संगणक बंद करून भिंतीतील वायर काढावी, मग सुरू करण्याची कळ काही क्षण दाबून धरावी, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पेटी गॅलरीत न्यावी, नाकावर रुमाल बांधावा. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे आणि हवेच्या झोताने धूळ उडवावी. पाते मोकळे सोडले, तर झोताने ते भलत्याच वेगाने फिरून बिघडते. ओले फडके आत कदापि लावू नये. वीज देणारी जी बंद पेटी आत असते, ती उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात धक्का देण्याइतकी वीज साठलेली असू शकते. मांडीवरचा संगणक असेल, तर तो गादीवर ठेवून वापरू नये, कारण गादीने त्याची श्वास घेण्याची छिद्रे बुजतात.

संगणक मंद झालेल्या माणसाला फसविणारेही पुष्कळ असतात. संकेतस्थळ पाहता पाहता एकाएकी लाल चौकट येते: ‘आपल्या संगणकात शेकडो दोष आहेत, ताबडतोब येथे दाबा’. दूर बसलेल्या त्या चौकटीला आपल्या संगणकातील दोष मोजता येत नाहीत. दाबणाऱ्याच्या संगणकात साफ करणारा नव्हे, तर घाण करणारा कार्यक्रम शिरतो. कोणी दूरध्वनी करून ‘तुमचा संगणक मी येथून दुरुस्त करतो’ असे म्हणाला, तर तो ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके ते परत मिळणे अवघड.

एक गोष्ट मात्र झाडलोटीने साधत नाही. विंडोज १० या प्रणालीला सुरक्षेच्या नेहमीच्या विनामूल्य सुधारणा पुरविणे तिच्या निर्मात्यांनी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. आठ वर्षांपूर्वीच्या पुष्कळ संगणकांवर तिची पुढील आवृत्ती अधिकृतपणे बसविता येत नाही, कारण तिला लागणारी काही सुरक्षेची सोय त्यांत नसते. असा संगणक कितीही चपळ झाला, तरी दाराचा कडी-कोयंडा जुनाच राहतो. त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. लिनक्स जातीची एखादी विनामूल्य प्रणाली बसवून घेणे, हा त्यातला एक मार्ग. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेनेही ‘बॉस’ नावाची अशी भारतीय प्रणाली तयार केली आहे. बाबांचा हिशेब, ताईचे टिपण आणि आजोबांची चित्रे ही तिन्ही कामे लिनक्सवर होतात. भावाचे सगळे खेळ चालतीलच असे नाही, आणि तो कुरकुर करील.

जुनी डिस्क काढली, तर ती तशीच भंगारवाल्याला देऊ नये. फाईल पुसली म्हणजे फिरत्या डिस्कवरून तिचा मजकूर जातो असे नाही. अनुक्रमणिकेतून तिचे नाव खोडले जाते आणि त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर आत तसाच असतो. चुकून पुसलेली फाईल कधी कधी परत मिळते ती यामुळेच. आणि टाकून दिलेल्या डिस्कवरचे घरचे हिशेब दुसऱ्याला वाचता येतात तेही यामुळेच. यास्तव डिस्क देण्यापूर्वी ती संपूर्ण नव्याने लिहून कोरी करून घ्यावी. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यांप्रमाणे नोंदणी झालेल्या ठिकाणीच ती द्यावी, कारण तिच्याबरोबर जाणाऱ्या पट्ट्यांत शिसे असू शकते आणि ते उघड्यावर जाळले, तर त्याचा धूर वस्तीतच राहतो व राख पावसाच्या पाण्याबरोबर वालधुनीत उतरते.